‘ह्याच्या वेळेस मी काय खाल्लं असंन?’

निफाड तालुक्यातली एक आई. मुलगा साडेचार वर्षांचा, रक्ताचा कॅन्सर, उपचाराचं दुसरं वर्ष चालू. मी आहारतज्ज्ञ, त्यामुळे ती माझ्याकडे आली होती ती पोराचं वजन वाढत नाही म्हणून. वजनाचं बोलून झालं, तक्ता घडी घालून पिशवीत गेला, आणि उठता उठता तिनं विचारलं, “मॅडम, ह्याच्या वेळेस मी काय खाल्लं असंन हो?”

हा प्रश्न मला नवीन नाही. कुणाला सासूनं पपईची आठवण करून दिलेली असते, कुणाला आत्यानं ग्रहणाची. ग्रहणात भाजी चिरली म्हणून बाळाचा ओठ फाटला, हे ऐकतच आपण मोठे झालो. आता ग्रहणाचं काम मोबाइलवरचे व्हिडिओ करतात: गरोदरपणात अमुक खाल्लंत तर बाळाला कॅन्सर, तमुक चुकवलंत तर कॅन्सर. बोट मात्र तेव्हाही आईकडे होतं, आताही आईकडेच आहे.

मी तिला म्हटलं, “तुझ्या कुठल्याच घासानं हे झालेलं नाही.” हे खरं आहे. पण आईच्या आहाराचा आणि मुलांच्या कॅन्सरचा काही संबंधच नाही असं म्हटलं, तर तेही खोटं ठरेल. संबंध आहे, तो बारीक आहे, आणि तो समजून घ्यायला जरा निवांत बसावं लागतं.

पहिली गाठ पोटातच

आधी आजाराची ओळख. जगात दरवर्षी एकोणीस वर्षांपर्यंतच्या सुमारे ४ लाख मुलांना कॅन्सर होतो. लहान मुलांत सगळ्यात जास्त आढळतो तो रक्ताचा कॅन्सर, साधारण तीनांतला एक. त्यानंतर मेंदूच्या गाठी. मोठ्यांचा कॅन्सर बहुतेकदा वर्षानुवर्षांच्या तंबाखू-दारूचा, वयाचा हिशेब असतो. तीन वर्षांच्या पोरानं कसला हिशेब साठवलेला असणार? त्यामुळे शास्त्रज्ञांची नजर फार आधीपासून जन्माच्या अलीकडे, आईच्या पोटाकडे वळलेली होती.

पुरावा मिळाला तो मात्र गमतीशीर ठिकाणी. अनेक देशांत बाळ जन्मलं की टाचेला सुई टोचून रक्ताचे थेंब एका कागदावर घेतात आणि ते कागद जपून ठेवतात. १९९०च्या दशकात इंग्लंडमधल्या संशोधकांनी पुढे ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कॅन्सर, झालेल्या मुलांचे असे जुने कागद शोधून काढले. त्या वाळलेल्या थेंबांत आजाराची पहिली खूण जन्माच्या दिवशीच हजर होती. एक नेहमीची खूण अशी: बारा आणि एकवीस क्रमांकाच्या गुणसूत्रांचे तुकडे तुटून एकमेकांना चुकीचे जोडले गेलेले.

म्हणजे पोटातच ठरलं सगळं? नाही. नंतर निरोगी बाळांचं नाळेतलं रक्त तपासलं, तेव्हा हीच खूण साधारण शंभरात एखाद्या बाळात सापडली. आणि अशा शंभर बाळांतल्याही जेमतेम एखाद्याला पुढे आजार होतो. ही चुकीची जोडणी, म्हणजे पहिली गाठ, पोटात बसते, पण आजार व्हायला जन्मानंतर दुसरा घाव बसावा लागतो. बहुतेकांना तो बसतच नाही. दुसऱ्या घावामागे काय असतं, याबद्दल ब्रिटिश शास्त्रज्ञ मेल ग्रीव्हज यांचं म्हणणं असं, की ज्या बाळाची तान्हेपणी जंतूंशी पुरेशी गाठभेट झालेली नसते, त्याची प्रतिकारशक्ती पुढे एखाद्या साध्या संसर्गालाही भलताच उलटा प्रतिसाद देते. अंगणवाडीत धुळीत लोळणारी पोरं पाहून नाक मुरडणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं.

आईच्या ताटाचा प्रश्न येतो तो या पहिल्या गाठीपाशी.

येवल्याचा माग आणि संपलेलं रेशीम

पोटात बाळ वाढताना पेशी अफाट वेगानं दुप्पट होत असतात. प्रत्येक वेळी डीएनएची नवी प्रत विणायची. डीएनएचा धागा चार अक्षरांचा. त्यातलं ‘टी’ हे अक्षर तयार करायला फोलेट नावाचं जीवनसत्त्व लागतं. फोलेट कमी पडलं की पेशी काम थांबवत नाही. ‘टी’च्या जागी त्याच्यासारखंच दिसणारं ‘यू’ हे अक्षर घालून पुढं जाते.

येवल्याच्या मागावर पैठणीचा पदर विणताना एका रंगाचं रेशीम संपलं आणि विणकरानं जवळपासच्या छटेचा धागा भरला, तसं. मागून तपासणीस येतो, चुकीचा धागा दिसला की तो उपसून काढतो आणि बरोबर धागा भरतो. पेशीतही असे तपासणीस आहेत. एखाददुसरी चूक असली तर काही बिघडत नाही. पण रेशीम संपलेलंच असेल, तर चुका जागोजाग होतात, दुरुस्तीतही तोच चुकीचा धागा भरला जातो, आणि समोरासमोरच्या दोन्ही धाग्यांत जवळजवळ एकाच वेळी उपसाउपशी झाली की कापड फाटतं. फाटलेले तुकडे घाईघाईत जोडताना एका साडीचा पदर दुसरीच्या काठाला लागला, की झाली ती चुकीची गाठ.

फोलेट कमी असलेल्या माणसांच्या डीएनएत ‘यू’ जास्त सापडतो आणि फोलेट दिलं की तो घटतो, हे दाखवून झालेलं आहे. मुलांचा ल्युकेमिया नेमका याच वाटेनं होतो हे मात्र कुणी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. वाट पटण्यासारखी आहे, इतकंच.

या फोलेटची जन्मकथा आपल्या दाराशी घडलीय, म्हणून थोडं आडवळण घेते. १९२८ साली ल्युसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टर मुंबईत आली. कापड गिरण्यांत राबणाऱ्या गरीब बायका गरोदरपणात पांढऱ्याफटक पडत, काही दगावत. तिनं त्यांच्या खाण्याचा माग काढला आणि १९३१मध्ये दाखवून दिलं, की मार्माइट या यीस्टच्या स्वस्त चाटणानं त्यांचं रक्त सुधारतं. चाटणातला तो अनोळखी गुणी पदार्थ म्हणजेच पुढे ओळखलं गेलेलं फोलेट. १९४१मध्ये अमेरिकेत तो पालकाच्या ढिगातून वेगळा काढला गेला आणि लॅटिनमध्ये पानाला जो शब्द आहे त्यावरून त्याला फोलिक हे नाव मिळालं. आपण ‘पालेभाजी खा’ म्हणतो, तेव्हा नकळत त्याचं नावच घेत असतो.

आता उलटी बाजू. १९४०च्या दशकात बॉस्टनमध्ये सिडनी फार्बर यांना दिसलं, की ल्युकेमिया झालेल्या मुलांना फोलेटसारखी संयुगं दिली तर आजार उलट फोफावतो. साहजिकच आहे, वेड्यासारख्या दुप्पट होणाऱ्या पेशींनाही रेशीम लागतंच की. मग त्यांनी रेशीमच तोडायचं ठरवलं. फोलेटची वाट अडवणारं ॲमिनोप्टेरिन हे औषध तयार झालं ते यल्लाप्रगडा सुब्बाराव या आंध्रातल्या भीमावरमच्या शास्त्रज्ञाच्या देखरेखीखालच्या प्रयोगशाळेत. १९४७-४८मध्ये १६ मुलांना ते दिलं आणि १० मुलांत, थोड्या काळापुरता का होईना, आजार मागे हटला. त्याआधी असं कधी झालं नव्हतं. त्याच घराण्यातलं मेथोट्रेक्सेट आज या उपचारात सर्रास वापरतात, आणि चांगले उपचार पूर्ण मिळाले तर मुलांत नेहमी आढळणाऱ्या प्रकारच्या ल्युकेमियातून दहातली आठ-नऊ मुलं बरी होतात.

एकच जीवनसत्त्व: आजार नसताना कापड शाबूत ठेवतं, आजार झाल्यावर त्याच आजाराला खतपाणी घालतं. म्हणूनच याचं उत्तर एका ओळीच्या व्हिडिओत मावत नाही.

गेल्या गुरुवारी सकाळी काय खाल्लं होतं?

बरं, प्रत्यक्ष माणसांत काय दिसलं? २००१ साली पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या एका अभ्यासानं खळबळ उडवली. गरोदरपणात लोह-फोलेटच्या गोळ्या घेतलेल्या आयांच्या मुलांत ल्युकेमियाचा धोका निम्म्याहूनही कमी आढळला. अभ्यास छोटा होता. पुढे मोठ्या अभ्यासांत तो आकडा टिकला नाही. २०१४मध्ये अनेक देशांतले बारा अभ्यास, म्हणजे सुमारे ७ हजार आजारी मुलं, एकत्र करून पाहिली, तेव्हा फोलिक ॲसिड (गोळीतलं फोलेट) घेतलेल्यांत धोका साधारण एक पंचमांशानं कमी निघाला. कॅनडात १९९८पासून पिठात फोलिक ॲसिड मिसळायला लागले. त्यानंतर ओंटारिओ प्रांतात न्यूरोब्लास्टोमा या लहान बाळांच्या गाठीचं प्रमाण बरंच उतरलं. भाज्या, फळं, डाळी, मासे नीट खाणाऱ्या आयांच्या मुलांत धोका थोडा कमी, असं कॅलिफोर्निया आणि ग्रीसमधल्या अभ्यासांतही दिसलं. दुसरीकडे काही अभ्यासांत, नॉर्वेतल्या नोंदींसह, काहीच फरक दिसला नाही.

इतकी भिन्नता का? एक प्रयोग करा. गेल्या गुरुवारी सकाळी तुम्ही काय खाल्लं होतं ते सांगा. नाही आठवत? यातले बरेचसे अभ्यास आईला चार-पाच वर्षांपूर्वीच्या गरोदरपणातलं जेवण विचारून झालेत. शिवाय दोन आया सारख्या आठवत नाहीत. जिचं पोर खेळतंय, ती म्हणते, “खात होते बाई आपलं नेहमीचं.” जिचं पोर सलाइन लावून पडलंय, तिनं रात्री जागून तो प्रत्येक दिवस शंभरदा उलगडलेला असतो. तिला ती एक शिळी भाकरीसुद्धा आठवते. आठवणीच्या या फरकामुळे आकडे वाकतात, आणि वाकलेला आकडा बातमीत सरळ छापला जातो. त्यात गोळ्या नियमित घेणाऱ्या बाया बहुधा शिकलेल्या, बऱ्या परिस्थितीतल्या. त्यांच्या मुलांना आजार कमी झाला तर श्रेय गोळीचं की घराचं?

आणि एक पंचमांश म्हणजे नेमकं किती? पाश्चात्त्य देशांत दरवर्षी लाखभर मुलांमागे तीन-चार मुलांना हा ल्युकेमिया होतो. पंधरा वर्षांची बेरीज केली तर लाखात पन्नासच्या आसपास. एक पंचमांश कमी म्हणजे पन्नासाऐवजी चाळीस. सरकारनं योजना आखताना ही दहा मुलं मोलाची आहेत. पण एका आईच्या बाबतीत बघा: गोळी घेतली असती तरी त्या पन्नासांतली चाळीस मुलं आजारी पडलीच असती, आणि गोळी न घेतलेल्या लाख आयांतल्या नव्याण्णव हजार नऊशे पन्नास जणींची मुलं ठणठणीतच राहतात. या आकड्यावरून कुठल्याही एका बाईला दोष देणं हे गणितात बसत नाही.

मग फोलिक ॲसिड कशासाठी घ्यायचं? त्याची पक्की, निर्विवाद कारणं दुसरी आहेत. बाळाच्या मणक्याची आणि मेंदूची नळी गर्भधारणेपासून साधारण अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत बंद होते. तोवर पाळी चुकल्याचंसुद्धा कित्येकींच्या लक्षात येत नाही. फोलिक ॲसिडनं या नळीतले दोष मोठ्या प्रमाणात टळतात, हे १९९१मध्ये चाचणीतून सिद्ध झालंय. म्हणून दिवस राहायच्या महिनाभर आधीपासून रोज ४०० मायक्रोग्रॅम सुरू करायचं असतं. आपल्याकडे आशाताई लाल गोळ्यांची पट्टी घेऊन येते ती नाव नोंदवल्यावर, चौथ्या महिन्यापासून. त्या गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फोलिक ॲसिड. ती १८० दिवस घ्यायची. लोहासाठी ती हवीच, कारण देशातल्या निम्म्याहून जास्त गरोदर बायकांच्या अंगात रक्त कमी आहे. पण नळीसाठी ती उशिरा पोचते. लग्नाच्या याद्या करताना कुणीतरी ही एक गोळी यादीत घालायला हवी.

ताटाबाहेरचं

आहाराबद्दल विचारायला आलेल्यांना मी हल्ली आधी ताटाबाहेरचं विचारते. नाशिकला तर विचारायलाच हवं.

दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत फवारणीला ‘औषध मारणं’ म्हणतात. शब्दच असा, की भीती वाटूच नये. ऑक्टोबर छाटणीनंतर काड्यांना पेस्ट लावायची, मग शेंडा खुडणं, डिपिंग (घड औषधाच्या पाण्यात बुडवणं), घडांची विरळणी. यातली बरीच कामं बायकांच्या हातची. सकाळी ब्लोअर फिरला की दुपारी त्याच ओल्या पानांत हात. गरोदर बाईसुद्धा सहाव्या-सातव्या महिन्यापर्यंत मजुरीला जाते, कारण हंगाम थांबत नाही. गरोदरपणात कामामुळे कीटकनाशकांशी संबंध आलेल्या आयांच्या मुलांत ल्युकेमियाचा धोका दीडपट ते दुपटीच्या आसपास आढळतो, असं अनेक अभ्यास एकत्र करून दिसलंय. इथंही आठवणीची अडचण आहेच, पण कल एकाच दिशेचा आहे आणि तो फोलेटच्या आकड्यापेक्षा ठळक आहे. युरोपला जाणाऱ्या द्राक्षाच्या घडावर औषधाचा अंश किती, याची ग्रेपनेट या निर्यातीच्या नोंदणी प्रणालीत कसून नोंद होते. घड धरणाऱ्या हातावर किती, याची नोंद कुठल्या वहीत होते? (द्राक्षं धुऊन खाणं ही वेगळी गोष्ट, त्याला घाबरायचं कारण नाही.)

दुसरी मिश्री. “मी तंबाखू खात नाही, फक्त दात घासते” हे वाक्य मी किती वेळा ऐकलंय! मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. २००४मध्ये प्रसिद्ध झालेल्या मुंबईतल्या अभ्यासात तंबाखू-मिश्री लावणाऱ्या गरोदर बायकांच्या बाळांचं वजन सरासरी शंभर ग्रॅमनी कमी भरलं होतं, दिवस पूर्ण होण्याआधीची बाळंतपणंही जास्त होती. आणि सगळा हिशेब बाईच्याच नावावर नको: आईबापांच्या धूम्रपानामुळे मुलांत हिपॅटोब्लास्टोमा हा यकृताचा कॅन्सर होऊ शकतो, असं जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संशोधन संस्था मान्य करते. बापाला कुणी विचारत नाही, ह्याच्या वेळेस तू काय ओढत होतास?

वजनाचं कोडं दोन्हीकडून आहे. चार किलोच्या वर जन्मलेल्या बाळांत ल्युकेमियाचा धोका किंचित जास्त, आणि दीड किलोच्या आतल्या बाळांत हिपॅटोब्लास्टोमाचा बराच जास्त. ‘दोन जिवांचं खा’ म्हणून डिंकाचे लाडू कोंबणाऱ्या शहरातल्या आजीला आणि पेठ-सुरगाण्याकडच्या अर्धपोटी सुनेला एकच सल्ला चालत नाही. आदिवासी भागात अंगणवाडीतून गरोदर बायकांना अमृत आहार योजनेचं एक वेळचं गरम जेवण मिळतं; ज्या पाड्यावर ते नीट शिजतं, तिथं ते माझ्या दहा व्याख्यानांहून मोलाचं आहे.

प्रक्रिया केलेलं मांस आणि मेंदूच्या गाठी यांच्यावरही अमेरिकेत बरंच संशोधन झालंय. आपल्याकडे गरोदर बाई रोज हॉटडॉग खाते असं चित्र नाही, तेव्हा पुढे जाऊ. चहाचा प्रश्न वेगळाच: लोहाची गोळी चहाबरोबर घेतली तर लोह अंगी लागत नाही. गोळी लिंबूपाण्याबरोबर, चहा दोन तासांनी.

आता ताट

नाशिकला गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, बुधवारच्या बाजारात जुड्यांचे ढीग लागतात तेव्हा मेथी, पालक, शेपू, चवळी, जे स्वस्त असेल ते घ्या. पावसाळ्यात त्र्यंबक-हरसूलकडून रानभाज्या येतात, त्याही घ्या. फोलेट पाण्यात विरघळतं आणि फार शिजवल्यानं जातं, म्हणून भाजी धुऊन मग चिरा, उकळून पाणी ओतून देऊ नका. आणि नुसत्या पानांवर विसंबू नका. हरभरा, मूग, चवळी, मसूर यांतही भरपूर फोलेट आहे, आणि मोडाची उसळ हे काही नाशिककराला शिकवावं लागत नाही. वरची तर्री तेवढी कमी करा.

एक गोष्ट मात्र पानांत अजिबात मिळत नाही: बी-१२. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या आया आणि मुलं यांचा पाठपुरावा केला. बहुतेक आयांत बी-१२ कमी होतं. आणि ज्यांच्यात फोलेट भरपूर पण बी-१२ कमी, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी मधुमेहाकडे नेणारी लक्षणं जास्त दिसली. हा कॅन्सरचा अभ्यास नाही. पण फोलेट आणि बी-१२ पेशीत जोडीनं काम करतात, आणि एकालाच लाडावून ठेवलं तर काय होतं ते आपल्याच मातीत दिसलेलं आहे. म्हणून रोज दूध-दही, चालत असेल तर अंडं, मासे. माळकरी घर असेल तर डॉक्टरांना विचारून बी-१२ तपासून घेणं. बाळंतपणानंतर सहा महिने किंवा जास्त अंगावर पाजलेल्या मुलांतही ल्युकेमियाचा धोका साधारण एक पंचमांशानं कमी आढळलाय.

ती निफाडची आई परवा पुन्हा आली. पोराचं वजन सातशे ग्रॅमनं वाढलं होतं आणि तिला तिसरा महिना होता. “ह्यालाही होईन का?” म्हणाली. दुसऱ्या भावंडाला हा आजार होण्याची शक्यता फारच कमी असते. एका वारेवर वाढलेल्या जुळ्यांचीच गोष्ट निराळी, कारण त्यांच्यात पेशी एकाकडून दुसऱ्याकडे जातात. तेवढं ऐकून तिचे खांदे खाली आले. बागेतलं काम तिनं दुसऱ्या महिन्यातच सोडलं होतं. मिश्रीबद्दल मी विचारलं नाही, तिनंच मान हलवली.

मग पिशवीतून दोन डबे काढले. एकात तिच्या फोलिक ॲसिडच्या गोळ्या, दुसऱ्यात पोराच्या, त्यात आठवड्याचं मेथोट्रेक्सेट. एक फोलेट देणारी, एक फोलेट तोडणारी, दोन्ही पिवळ्या आणि बारक्या. पोराला जेवणातली मेथी चालेल, पण तुझी गोळी त्याच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय कधीच नाही, आणि त्याच्या गोळीला गरोदरपणात तू नुसता हातही लावू नकोस. त्याला ती त्याच्या बापानं द्यायची, हे तिला दोनदा सांगितलं.

“मंग माझी फळीवर ठेवते,” ती म्हणाली, “न् त्याची ह्यांच्या कपाटात.”